स्वमग्नतेची तपासणी आणि घरातील आजारपण

इंदूरमधील एखाद्या मराठी घरात आजी अंथरुणास खिळलेली असावी आणि त्याच सुमारास चार वर्षांच्या नातवाची स्वमग्नतेसंबंधी तपासणी ठरावी, असा प्रसंग येऊ शकतो. अशा वेळी तपासणी लांबणीवर टाकण्याकडे पालकांचा कल होतो. शक्यतो तसे करू नये.

आपल्याकडील भारतीय स्वमग्नता मापनश्रेणीत ४० बाबी असून प्रत्येकीस १ ते ५ गुण दिले जातात; एकूण ७० गुणांपासून स्वमग्नता गणली जाते. तज्ज्ञ मूल पाहतात, तसेच पालकांना विचारतात. म्हणून टिपणवही हवी. तारखा विसरतात, सण विसरत नाहीत! रंगपंचमीच्या गेरीत कान झाकले, दिवाळीत येणारे शब्द संक्रांतीस गेले, अशा नोंदी फार उपयोगी पडतात. हाकेस ओ, बोटाने दाखविणे केव्हा सुरू झाले, तेही लिहावे. मोबाईलमधील जुन्या चित्रफिती व श्रवणतपासणीचा अहवाल सोबत न्यावा.

आजारपणापूर्वीचे व नंतरचे वर्तन मात्र वेगळ्या पानांवर नोंदवावे. घराची घडी विस्कटली की कोणतेही मूल झोप मोडते, हट्ट करते. स्वमग्नतेची लक्षणे बालपणाच्या आरंभीची असतात.

घरी मराठी, बाहेर हिंदी, हे तज्ज्ञांस आधीच सांगावे. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही. आईस रुग्णाजवळ थांबावे लागल्यास, दिवसभर मुलास सांभाळणाऱ्या मावशीने वा आजोबांनी वही घेऊन जावे.