आखाजीला चालतं, असं कायदा म्हणत नाही

आखाजी जवळ आली की आमच्या बोदवड तालुक्यात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि दुसरीकडे पत्त्यांचे डाव बसतात. कुणाच्या मळ्यात, कुणाच्या रिकाम्या गोठ्यात, कुठे थेट पारावर. रान मोकळं असतं, कापसाचे राहिलेले पैसे घरात आलेले असतात, आणि म्हातारी माणसंही म्हणतात, सणाचं आहे, खेळू द्या. माझ्या धाकट्या भावाची दोन एकर कोरडवाहू या डावांपासून सुरू झालेल्या वाटेने गेली. ती सोडवायच्या खटपटीत जो कायदा मला कळला, तो गावातल्या बहुतेकांना ठाऊक नाही. म्हणून हे लिहितो आहे.

“आखाजीचं चालतंच, दादा,” असं भाऊ म्हणायचा. चालत नाही. आपल्या राज्यात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे आणि त्यात आखाजी, दिवाळी, पोळा यांना कुठलीही सूट नाही. घरात चार भावांनी पैसे न लावता पत्ते खेळले तर कुणी विचारत नाही. पण जागेचा मालक प्रत्येक डावामागे नाल काढू लागला की कायद्याच्या भाषेत तो अड्डा झाला. अड्डा चालवणाऱ्याला कलम ४, तिथे बसणाऱ्याला कलम ५, आणि रस्त्यावर, पारावर, उघड्या जागी खेळणाऱ्याला कलम १२. त्यातलं कलम ५ पोरांनी नीट समजून घ्यावं. खेळ चालू असताना अड्ड्यावर जो सापडला तो खेळायलाच आला होता असं कायदा धरून चालतो. मी नुसता बघत होतो, हे त्याने स्वतः सिद्ध करायचं. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी कितीतरी पोरं आपल्याकडे आहेत. चारित्र्य पडताळणीत असा एक गुन्हा निघाला तर त्या धावण्याचं काय होईल, याचा विचार डाव बघायला बसण्याआधी करावा.

पत्त्यांवरून भाऊ आकड्यांवर, म्हणजे मटक्यावर गेला. हा सट्टा आपल्या पिकाच्याच पाठीवर उभा राहिला आहे. मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्कहून तारेने कापसाचे उघडणारे आणि बंद होणारे भाव येत, त्यांच्या आकड्यांवर लोक पैज लावत. ते भाव बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतने आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने स्वतःचे आकडे काढायला सुरुवात केली. कापूस गेला, ओपन आणि क्लोज हे शब्द मात्र राहिले.

भावाच्या खिशात सापडलेल्या चिठ्ठ्या समोर ठेवून मी त्याला हिशेब मांडून दाखवला होता. तीन पानं निघतात, समजा ३, ६ आणि ८. बेरीज १७, म्हणून ओपन ७. तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी, आणि अशा जोड्या शंभर. जोडी लागली तर रुपयाला साधारण नव्वद मिळतात. म्हणजे सगळं सरळ चाललं तरी शंभर रुपयांतले दहा आकडे घेणाऱ्याकडेच राहतात, आणि हे रोज. शिवाय पानं सरळ निघतात याची हमी कुणीच देत नाही. तक्रार करायला जागा नाही, कारण धंदाच बेकायदा.

मग या राज्यात कायदेशीर काय आहे? फार थोडं. १९६९ पासून चालू असलेली महाराष्ट्र राज्य लॉटरी आहे, तिचं कार्यालय वाशीला. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एक आकडी लॉटरीला बंदी आहे, आणि एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत काढता येत नाही. कुठल्या टपरीत संगणकावर दर पंधरा मिनिटांनी ० ते ९ मधला आकडा लावायला सांगत असतील, तर फलकावर लॉटरी लिहिलेलं असलं तरी ती लॉटरी नव्हे. दुसरी कायदेशीर गोष्ट म्हणजे घोड्यांची शर्यत, महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर, परवान्याने. शंकरपटाला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता दिली ती शर्यतीला, तिच्यावरच्या पैजेला नाही. कॅसिनोचा कायदा आपल्याकडे १९७६ मध्ये झाला, पण कधी अमलात आला नाही. तो रद्द करायचं सरकारने २०२३ मध्ये ठरवलं. कॅसिनोसाठी लोक गोव्याला जातात.

कायदेशीर असलं तरी ते उत्पन्न नव्हे, हेही सांगून ठेवतो. लॉटरीच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि बक्षिसावर ३० टक्के आयकर. वर्षातून एखादं तिकीट घेणाऱ्याला मी अडवणार नाही. पण कर्ज फेडायला तिकीट घेणाऱ्याचा हात मी धरीन.

मोबाइलवरच्या रमीचं आणि बेटिंगचं प्रकरण वेगळं. रमी हा कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं होतं. त्याचाच आधार घेऊन ॲपवाल्यांनी धंदा मांडला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. पैसे लावायचे सगळेच ऑनलाइन खेळ त्यात बंद आहेत. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र त्या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून ज्याचे पैसे अशा ॲपवर अडकले किंवा फसवणूक झाली, त्याने भिऊन गप्प बसू नये, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं.

आता जमिनीचं. हरलेले पैसे द्यायला भावाने एका विनापरवाना सावकाराकडून रक्कम उचलली आणि तारण म्हणून खरेदीखत करून दिलं. सहा महिन्यांत उलटवून देतो, हे फक्त तोंडी. घरी कळलं तेव्हा सातबारा बदललेला होता. माय म्हणत होती, कर्ज आहे, फेडावंच लागेल, माणसाने शब्द पाळावा. तिचं म्हणणं इतर कर्जाला खरं आहे. पण भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार मुळातच रद्दबातल आहे, जिंकणारा कोर्टात जाऊन ते पैसे मागू शकत नाही. आणि जुन्या मुंबई प्रांतात १८६५ मध्ये झालेल्या कायद्यामुळे आपल्याकडे याहून पुढची तरतूद आहे: जुगारासाठी म्हणून जाणूनबुजून दिलेली उसनवारीही कोर्टातून वसूल होत नाही. कोरा चेक दिला असेल तर पैसे कशासाठी घेतले होते, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावं. आपण लाजेने तेच लपवतो आणि सावकाराचं फावतं.

विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. त्याच कायद्याच्या कलम १८ खाली, सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतात. व्यवहार अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला असला पाहिजे. अर्ज तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे द्यायचा. सोबत खरेदीखताची प्रत, जुना आणि नवा सातबारा, बँकेचा उतारा, व्याज दिल्याचे मेसेज, आणि व्यवहार माहीत असलेल्या दोघा-तिघांचे जबाब. खरेदीखतातली किंमत आणि त्या वर्षीचा शासकीय दर शेजारी शेजारी मांडावा. कमी दाखवलेली किंमत बरंच बोलते. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी, आणि जमीन पुढे तिसऱ्याला विकली जाण्याआधी हे सगळं करावं. आमच्या अर्जाची सुनावणी चालू आहे.

भावाला मी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात घेऊन गेलो. ही सवय आजार म्हणून ओळखली जाते, तिला उपचार आहेत. ज्याला जळगाव लांब पडत असेल त्याने १४४१६ लावावा. टेली-मानसची ही सेवा सरकारी आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.