८० हजारांच्या गाडीत साडेसात हजार घालायचे का? टायमिंग बेल्टचा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक प्रश्न घेतला होता, पण बोलण्याच्या भरात आकडे पटापट सांगून टाकले. म्हणून इथे नीट लिहून देतोय. शेजारी वही-पेन ठेवा, कारण माझे आकडे तुमच्या कामाचे नाहीत, तुम्हाला तुमचे टाकायचे आहेत.

प्रश्न कराडच्या एका तरुणाचा. फिनाईल, डिशवॉश लिक्विड, टॉयलेट क्लीनर घरामागच्या शेडमध्ये बनवतो आणि पाच लिटरचे कॅन स्वतःच्या जुन्या डिझेल इंडिकात भरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत पोचवतो. गाडी तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा ८४ हजार किलोमीटर झाले होते, आज १ लाख १२ हजार. ऑइल बदलायला गेला तर मेकॅनिक म्हणाला, "टायमिंग बेल्ट कधी बदललाय? माहीत नसेल तर बदलून घ्या. किटसकट साडेसात हजार." घरी वडील म्हणाले, "गाडी चालतेय ना? मग कशाला हात लावतोस?" आणि त्याने मला विचारलं, "सर, गाडीचे बाजारात ८० हजारसुद्धा येणार नाहीत. तिच्यात साडेसात हजार घालू का?"

प्रश्न गाडीचा वाटतो, पण उद्या हेच तुमच्या पिठाच्या गिरणीच्या मोटरबद्दल किंवा डीप फ्रीझरच्या कॉम्प्रेसरबद्दल येणार आहे.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या

इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्याच्यावर पिस्टन वर-खाली होतात. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा झाला पाहिजे. हा ताल सांभाळणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिन ३,००० आरपीएमवर असतं तेव्हा क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो. त्या वेगात पट्टा तुटला किंवा दोन-चार दात घसरले, की कॅम थांबतो, व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि खालून पिस्टन येऊन त्यांना धडकतात. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात तेवढी जागा सोडलेली असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. पण बहुतेक डिझेल इंजिनांत ती जागा नसते. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, नशीब खराब असेल तर पिस्टनही जातो.

आणि हा बेल्ट सहसा आधी सांगत नाही. सकाळी गाडी सुरू करताना जो "चीं चीं" आवाज येतो तो बाहेरच्या फॅन बेल्टचा किंवा अल्टरनेटर बेल्टचा. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो. शेवटच्या किलोमीटरपर्यंत गाडी मख्खन चालते. त्यामुळे "चालतेय ना?" या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असलं, तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन, हे आधी बघा. चेनला अशी ठरावीक बदलाची मुदत सहसा नसते. नावावर जाऊ नका. जुन्या १.४ डिझेल इंडिकाला बेल्ट, तर इंडिका व्हिस्टातल्या १.३ क्वाड्राजेटला चेन. जुन्या ८०० सीसी अल्टोला बेल्ट, के-टेन इंजिनवाल्या अल्टोला चेन. आय-टेन १.१ ला बेल्ट, १.२ कप्पाला चेन. इनोव्हाच्या जुन्या २.५ डिझेलला बेल्ट. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल काढा, त्यात किलोमीटर दिलेले असतात, आणि बऱ्याच मॅन्युअलमध्ये वर्षांचीही मर्यादा असते. ६० हजार ते १ लाख किलोमीटर हा अनेक बेल्टचा टप्पा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, म्हणून "माझी गाडी कमी चालते" हे कारण पूर्ण चालत नाही.

चुकीची तुलना

आता त्याचा प्रश्न परत वाचा. "८० हजारांच्या गाडीत साडेसात हजार." त्याने खर्चाची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी केली. तो गाडी विकतोय का? नाही. मग ८० हजार हा आकडा या हिशेबात आला कुठून?

त्याला गाडीतून काय मिळतं ते बघा. आठवड्याला साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे वर्षाला १८ हजार. आरसीची १५ वर्षांची मुदत संपायला दोन वर्षं आहेत आणि तोपर्यंत गाडी ठेवायची असं त्याने ठरवलंय. म्हणजे अजून ३६ हजार किलोमीटर. साडेसात हजार भागिले ३६ हजार, किलोमीटरला २१ पैसे. डिझेलचा खर्च त्याला किलोमीटरला सहा रुपयांच्या आसपास पडतो. सहा रुपये रोज जातात म्हणून टोचत नाहीत, साडेसात हजार एकदम जातात म्हणून टोचतात. धंद्यात टोचणं हा हिशेब नसतो.

पण २१ पैसे स्वस्त वाटतात म्हणूनही बदलू नका. तोही अर्धाच हिशेब. खरी तुलना आहे ती बेल्ट तुटला तर काय जाईल याच्याशी.

मी त्याला फोनवरच लिहायला लावलं. हेडचं काम, त्याच्या मेकॅनिकच्या अंदाजाने ३५ हजार. घाटातून कराडपर्यंत टोइंग ४ हजार. गाडी दहा-बारा दिवस गॅरेजला, तोवर माल पोचवायला छोटा हत्ती भाड्याने, तीन फेऱ्या, ९ हजार. इथे तो थांबला. मी विचारलं, "आणि चिपळूणचं हॉटेल?" कारण त्यानेच सांगितलं होतं की एका हॉटेलने तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा दरमहा ऑर्डर दिली आहे, आणि आधीचा पुरवठादार वेळेवर येत नव्हता म्हणूनच दिली आहे. दोन आठवडे माल गेला नाही तर ते तिसऱ्याला फोन करणार. त्यातला नफा धरून ८ हजार लिहिले, तेही हात राखून. एकूण ५६ हजार.

बरं, विमा? कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी अपघातासाठी असते. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटर पॉलिसीत वगळलेले असतात. हे ५६ हजार खिशातूनच.

आता एक सोपी युक्ती, ही वहीत लिहून ठेवा. नुकसान भागिले दुरुस्तीचा खर्च. ५६ हजार भागिले साडेसात हजार म्हणजे जवळजवळ साडेसात. अर्थ काय? पुढच्या दोन वर्षांत बेल्ट तुटण्याची शक्यता साडेसातात एकपेक्षा जास्त असेल, तर आजच बदलणं स्वस्त. कमी असेल, तर थांबणं स्वस्त. नेमकी शक्यता किती हे तुम्हाला, मला, मेकॅनिकला कुणालाच माहीत नाही. पण ती माहीत असायची गरजही नाही. ती या रेषेच्या अलीकडे की पलीकडे एवढंच ठरवायचंय. ज्या बेल्टचा इतिहास माहीत नाही, जो कदाचित पहिल्यापासूनचा आहे आणि १ लाख १२ हजार फिरलाय, तो अजून ३६ हजार नक्की जाईल यावर मी पैज लावणार नाही. तुम्ही लावाल?

आणि घाटाचं मी पैशात धरलेलंच नाही. उतारावर इंजिन अचानक बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. मागे दीडशे लिटर फिनाईल. याचा आकडा मला काढायचा नाही.

"इतिहास माहीत नाही" हे खरं आहे का?

हे आधी तपासा, फुकट आहे. त्याने पहिल्या मालकाला फोन केला. ते म्हणाले, "बेल्ट बदललाय, बिल आहे." बिलाचा फोटो आला. त्यावर लिहिलं होतं, बेल्ट १, रुपये ४५०. साडेचारशेत टायमिंग बेल्टचं काम होत नाही, तो फॅन बेल्ट होता. माणूस खोटं बोलला नाही, पण बिलावर नुसतं "बेल्ट" वाचून तुम्ही निर्धास्त राहाल तर फसाल. कुठला बेल्ट, किती किलोमीटरला, टेन्शनर बदलला का, हे लिहिलेलं असेल तरच तो पुरावा.

वरचं कव्हर उघडून बघायला सांगता येतं. चिरा, सुटलेले धागे, ऑइलचा थर दिसला तर विषय संपला, बदला. पण चांगला दिसला म्हणजे चांगला आहे असं नाही, हे मेकॅनिकही मान्य करेल.

नाही बदलायचा तो कधी?

काही जण आता म्हणतील, सर बदलाच म्हणताय. नाही. इंजिनच संपलं असेल, तर बेल्टचे पैसे पाण्यात. म्हणून बेल्टच्या आधी इंजिन बघा. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर येत असेल, ऑइल टॉप-अप सारखं लागत असेल, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. चेसिस गंजलंय का, क्लच किती दिवसांचा सोबती आहे, तेही त्याच दिवशी विचारा. पुढच्या सहा महिन्यांत आणखी ४० हजार लागणार असतील, तर तो निर्णय बेल्टचा नाही, गाडी ठेवायची की नाही याचा आहे.

दुसरं, महिन्या-दोन महिन्यांत गाडी विकायची हे पक्कं ठरलं असेल तर थांबणं हिशेबात बसतं, कारण किलोमीटर कमी आहेत. पण मग गिऱ्हाइकाला सांगून विका, "बेल्ट बाकी आहे, तेवढे कमी द्या." तुमच्या गावात तुम्ही गाडी एकदा विकता, माल रोज विकता.

उलटंही होतं, आणि ते जास्त महाग. साडेसात हजार टोचले म्हणून माणूस उठतो आणि साडेतीन लाखांची सेकंड-हँड व्हॅन हप्त्यावर घेतो. धंदा दीड वर्षाचा, त्यात दरमहा हप्ता. नवीन घेतलेल्या त्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय, हे परत माहीत नसतंच!

आणि "पुढच्या महिन्यात बघू" हा पर्याय? समजा पैसे नाहीत आणि उधार घ्यावे लागतील, दरमहा दोन टक्के. तीन महिने पुढे ढकलून वाचलं काय? साडेचारशे रुपये व्याज. गाडी ठेवायचीच आहे, तर बेल्टचा खर्च टळत नाही, नुसता सरकतो. साडेचारशे रुपयांसाठी तीन महिने ५६ हजारांचा धोका घेऊन घाट उतरायचा?

काम देताना

फक्त बेल्ट चार हजारांत होत होता. त्याने विचारलं, तो घेऊ का? नको. मजुरी उघडण्या-बसवण्याची असते, बेल्टची नसते. टेन्शनर आणि बेअरिंग त्याच वयाची आहेत. जुनं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही फाडेल आणि सगळी मजुरी परत. काही इंजिनांत पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरतो, तिथे पंपही त्याच वेळी करून घ्या. मुळात असं काम नेहमी करणाऱ्याकडे द्या. टायमिंगच्या खुणा एका दाताने चुकल्या तरी गाडी नीट चालत नाही, जास्त चुकल्या तर चावी फिरवताच व्हॉल्व्ह जातात. सुटे भाग खोक्यासकट बघा, जुने परत मागा.

कधी रस्त्यात तुटलाच, तर ओळखायचं कसं? इंजिन एकदम गप्प होतं आणि स्टार्टर मारल्यावर नेहमीपेक्षा हलका, मोकळा फिरल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी परत परत चावी मारू नका, वाचलेले व्हॉल्व्हही वाकतील. टोइंग बोलवा.

त्याने सोमवारी गाडी दिली. कव्हर काढल्यावर कॅमचं सील गळताना दिसलं, ऑइल थेट बेल्टवर. सील धरून बिल ८,२०० झालं. मंगळवारी संध्याकाळी गाडी मिळाली, गुरुवारी चिपळूणची फेरी वेळेवर गेली. बिलावर त्याने मेकॅनिककडून लिहून घेतलं, "टायमिंग बेल्ट, टेन्शनर, बेअरिंग, १,१२,३४० किमी", आणि तेच कागदाच्या चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवलं. आता प्रत्येक फेरीचे किलोमीटर मांडून, किलोमीटरला ५० पैसे तो वेगळ्या डब्यात टाकतो, आणि ते ५० पैसे त्याने कॅनच्या दरात धरलेत.