बॅट घडवणारे हात

मुलांनो, क्रिकेट तुमच्यापैकी बहुतेकांना आवडते. चांगला फटका बसला, की आपण फलंदाजाला शाबासकी देतो. पण त्याच्या हातातली बॅट कोणी घडवली असेल, असा विचार तुमच्या मनात कधी आला आहे का?

चला, आज आपण काश्मीरला जाऊ. श्रीनगरहून जम्मूकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अनंतनाग जिल्ह्यात, संगम नावाचे गाव आहे. तेथे रस्त्याच्या कडेला बॅटचे अनेक कारखाने आहेत. मोकळ्या जागेत लाकडाच्या फळ्या रचून ठेवलेल्या दिसतात. हे विलो नावाच्या झाडाचे लाकूड. ते वजनाला हलके असते. पण चेंडूचा मार सोसते, सहजासहजी फुटत नाही.

समजा, तुम्ही येथे काम शिकायला आलात. उस्ताद लगेच तुमच्या हाती रंधा देणार नाहीत. पहिला धडा असतो धीराचा. ओले लाकूड जड असते; वाळताना ते वाकते, तडकते. म्हणून फळ्या सहा महिने ते वर्षभर वाळवतात.

दुसरा धडा पारखण्याचा. लाकडाच्या रेषा सरळ आहेत का? गाठ कोठे आहे? हे डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखावे लागते.

मग पाते यंत्रात दाबतात. दाब कमी पडला, तर चेंडूने खड्डे पडतात. जास्त झाला, तर चेंडू नीट उसळत नाही. दांडा वेताचा असतो, म्हणजे हातांना हादरा कमी बसतो. पात्याला पाचरीच्या आकाराची खाच पाडून त्यात दांडा सरसाने घट्ट बसवतात. खाचेत फट राहिली, तर बॅट तेथेच निखळते.

आता रंधा तुमच्या हाती येतो. नियमाप्रमाणे बॅटची लांबी ९६.५ सेंटिमीटरपेक्षा आणि रुंदी १०.८ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पण तोल कोणत्याही नियमात सापडत नाही. जेथे चेंडू लागतो, तेथे लाकूड जाड ठेवायचे आणि बाकीचे थोडे थोडे तासायचे. दोन हात मारावेत, बॅट उचलून पाहावी, पुन्हा तासावे. घाई केली, की संपले! तासलेले लाकूड परत जोडता येत नाही. एका क्षणाच्या घाईने वर्षभराची वाट पाहणे वाया जाते.

आज कापण्याची व दाबण्याची बरीच कामे यंत्रे करतात. तरीही शेवटचा तोल कारागिराचा हातच ठरवतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. विलोचे झाड तोडण्याजोगे व्हायला पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. झाडे तोडत राहिलो आणि नवी लावली नाहीत, तर उद्याच्या शिकाऊ मुलाला लाकूड कोठून मिळेल? म्हणून खरा कारागीर केवळ बॅट घडवत नाही. जी बॅट दुसऱ्या कोणाच्या हातून घडणार आहे, तिच्यासाठी आजच रोप लावतो.

स्वाध्याय

१. बॅटसाठी विलोचे लाकूड का वापरतात?
२. ‘घाई केली, की संपले!’ असे लेखक का म्हणतो?
३. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याला कोणते काम शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला, ते विचारून पाच वाक्ये लिहा.