लेसर डायोडचा ड्रायव्हर: व्होल्टेज नको, करंट सांभाळा

व्हिडिओत सर्किटची जोडणी बघितली, आता वही-पेन घ्या. इथे त्यामागचा हिशेब करूया.

आपल्या चारठाण्यात लेसर कोरीवकामाला काम आहे. शाळेची सन्मानचिन्हं, दुकानाच्या पाट्या, नावाच्या कीचेन, प्राचीन मंदिरांची लाकडी चित्रं. पण ऐन लग्नसराईत डायोड जळला की गिऱ्हाईक थेट जिंतूर गाठतं. म्हणून धंदा करणाऱ्याला ड्रायव्हर कळायलाच हवा.

डायोड जळतो कशाने?
बल्बसारखं ठरावीक व्होल्टेज देऊन लेसर डायोड चालत नाही. व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट झपाट्याने वाढतो. शिवाय डायोड तापला की त्याला लागणारं व्होल्टेज कमी होतं. मग त्याच सप्लायवर करंट आणखी वाढतो, डायोड आणखी तापतो आणि जळतो. म्हणून करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर लागतो.

हिशेब
साधारण ५ वॅट प्रकाश देणारा निळा डायोड धरा: ३ अँपिअर, ४.५ व्होल्ट. (तुमच्या डायोडचा आकडा डेटाशीटमध्येच बघा.)

- डायोडच्या वाटेत ०.१ ओहमचा रेझिस्टर. ३ अँपिअरला त्यावर ०.३ व्होल्ट मिळतात. त्यात ०.९ वॅट उष्णता होते, म्हणून ५ वॅटचा घ्या.
- टीएल४३१ आयसी २.५ व्होल्टचा स्थिर संदर्भ देते. तो रेझिस्टरने असा विभागा की नॉब पूर्ण फिरवला तरी ०.३ व्होल्टच्या वर जाणार नाही.
- एलएम३५८ आयसी ही दोन व्होल्टेज ताडून बघते आणि आयआरएलझेड४४एन मॉस्फेट कमी-जास्त उघडते. करंट वाढला की मॉस्फेट आवळला जातो.

सप्लाय १२ व्होल्टचा घेतला तर मॉस्फेटवर (१२ − ४.५ − ०.३) × ३ = २१.६ वॅट उष्णता. ६ व्होल्टचा घेतला तर फक्त ३.६ वॅट. म्हणून सप्लाय ६ व्होल्ट, ५ अँपिअरचा घ्या आणि मॉस्फेटला हीटसिंक लावा. डायोडचं हीटसिंक आणि पंखा वेगळा.

डायोड जोडण्याआधी
डायोडच्या जागी १एन५४०८ हे साधे डायोड पाच, एकापुढे एक जोडा. नॉब शून्यावर ठेवून सुरू करा, हळूहळू वाढवा आणि ०.१ ओहमच्या रेझिस्टरवर मीटर लावा. ०.३ व्होल्टला काटा स्थिर राहिला तरच पुढे जा. हे डायोड चांगलेच तापतात, हात लावू नका.

तीन नियम
१. सप्लाय चालू असताना डायोडची वायर काढू-जोडू नका. वायर सुटली की मॉस्फेट पूर्ण उघडतो. परत जोडताच करंटचा झटका बसतो.
२. लाईट येऊन-जाऊन असते. म्हणून वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ नये, बटण दाबल्यावरच व्हावं, असा रिले बसवा.
३. ४५० नॅनोमीटरसाठीचाच चष्मा लावा. साधा गॉगल चालत नाही. मशीनभोवती झाकण हवं. पीव्हीसी आणि रेक्झिन कोरू नका, त्याचा धूर विषारी असतो.

तयार ड्रायव्हर विकत घेणार असाल तरी हीच चाचणी करा. मीटर लावायला दहा मिनिटं लागतात. जळलेला डायोड बदलून येईपर्यंत ऑर्डर थांबत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या डायोडचा करंट आणि व्होल्टेज घ्या, वरचा हिशेब मांडा आणि मगच खरेदीला निघा.