अजगराची मादी अंडी कशी उबवते?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात भारतीय अजगर आढळतो. तो बिनविषारी आहे. भक्ष्याला विळख्यात आवळून मारतो आणि अख्खे गिळतो. इतर सापांप्रमाणे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाबरोबर बदलते. म्हणूनच हिवाळ्यात तो ऊन खात पडलेला दिसतो. मग अशा ‘थंड रक्ताच्या’ प्राण्याने अंडी उबवायची कशी?

अंडी घातल्यावर मादी त्यांच्याभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते. वेटोळ्याचा उपयोग समजण्यासाठी एक प्रयोग करा. सारखेच गरम पाणी एका पेल्यात आणि एका ताटात ओता. दहा मिनिटांनी तापमापकाने पाहा. ताटातले पाणी अधिक निवलेले आढळेल, कारण त्याचा हवेला लागलेला पृष्ठभाग मोठा असतो. लांबलचक अजगर वेटोळे करतो तेव्हा त्याचा उघडा पृष्ठभाग कमी होतो आणि उष्णता टिकते.

पण टिकवायची उष्णता येते कोठून? थंडीत आपण कुडकुडतो, तसे मादी आपले स्नायू पुन्हा पुन्हा आकुंचित करते. त्यातून उष्णता निर्माण होते. भारतीय अजगराची पोटजात मानल्या गेलेल्या ब्रह्मी अजगराच्या मादीवर न्यूयॉर्कमध्ये केलेले प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाले. भोवतालचे तापमान ३३ अंश सेल्सिअसवरून सुमारे २५ अंशांपर्यंत उतरवताच तिचे आकुंचन वाढले आणि ऑक्सिजनचा वापर एरवीच्या सुमारे नऊपट झाला! ऑस्ट्रेलियातील कार्पेट अजगराची मादीही अशीच ऊब देते.

हा खर्च शरीरात साठवलेल्या चरबीतून भागतो, कारण या काळात मादी बहुधा उपाशीच असते. तिला हुसकावले तर अंडी उघडी पडतात आणि पिल्ले दगावू शकतात.

म्हणून आरेत किंवा मुलुंडच्या डोंगराकडेला वेटोळे दिसले, तर दगड मारू नका आणि जवळही जाऊ नका. ठिपक्यांमुळे अजगर समजलेला साप अतिविषारी घोणस असू शकतो. दुरूनच लक्ष ठेवून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अजगराला संरक्षण दिले आहे. ते प्रत्यक्षात आणणे मात्र आपल्या हाती आहे.