‘डाएट मोडलं’ म्हणजे नेमकं काय मोडलं?

प्रश्न: मी ४६ वर्षांची आहे, साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवते. फेब्रुवारीत माझं वजन ७८ किलो होतं. रोज पाऊण तास चालणं, मोजकं जेवण आणि गोड पूर्ण बंद, असं करून ऑगस्टपर्यंत ते ७१ वर आणलं. गणपतीत घरी उकडीचे मोदक झाले. एक खाल्ला आणि तिथून जे सुरू झालं ते भाऊबीजेपर्यंत थांबलं नाही. आता काटा ७४ दाखवतो. दिवसभर शाळेत काही वाटत नाही, पण रात्री ओटा आवरून झाला की हात लाडवाच्या डब्याकडे जातोच. उभ्या उभ्या दोन लाडू संपतात आणि मग स्वतःचाच राग येतो. सगळी मेहनत पाण्यात गेली. माझ्यात निग्रहच नाही का? गोड कायमचं सोडू का? गूळ चालेल का? पुन्हा सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं ‘सगळी मेहनत पाण्यात गेली’ हे वाक्य मी आधी खोडते. तुम्ही ७८ होता, आज ७४ आहात. दोन मोठे सण, पाहुणे, फराळ एवढं होऊनही मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून थोडं जास्त वजन अजून उतरलेलंच आहे. डॉक्टर पहिला टप्पा म्हणून पाच टक्केच सांगतात, कारण एवढं वजन कमी झालं तरी रक्तातली साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड यांच्यात फरक दिसू लागतो. तो टप्पा तुम्ही गाठलात आणि दिवाळीनंतरही तो तुमच्या हातात आहे.

आता परत आलेल्या तीन किलोंचं बघू. ते सगळे चरबीचे नाहीत. साखर आणि पिठाचं खाणं वाढलं की शरीर त्यातला काही भाग ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी अडकून राहतं. चकली-शेवेतलं मीठ त्यात भर घालतं. पंधरा दिवस नेहमीचं जेवण जेवलात की त्यातलं किलोभर आपसूक उतरू शकतं. उरले दोन किलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, दोन किलोंच्या १५,४००. गणेश चतुर्थी ते भाऊबीज साधारण साठ दिवस. भागाकार केला तर रोजच्या जास्तीच्या अडीचशे कॅलरी निघतात, आणि बेसनाचा मध्यम लाडू दीडशे ते दोनशे कॅलरींचा असतो. म्हणजे रोज दीड लाडू जास्त गेला. एवढंच घडलंय. तुम्ही स्वतःला जी शिक्षा देताय ती या हिशेबाला साजेशी नाही.

निग्रहाचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ बायका हाच प्रश्न मान खाली घालून विचारतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. सहा महिने त्यांना रोज सोळाशेच्या आसपास कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन सुमारे पाव भागाने घटलं. पण लक्षात राहतं ते त्यांचं वागणं. ज्या तरुणांना एरवी स्वयंपाकात रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. बोलणं जेवणाचं, स्वप्नं जेवणाची. प्रयोग संपल्यावर पोटभर मिळू लागलं तरी कित्येकांचं समाधान होईना. तुमची आणि त्यांची परिस्थिती एक नाही. ते सडसडीत होते आणि फार खंगले. पण सोळाशे हा आकडा वाचला की मला आपल्याकडच्या हजार-बाराशे कॅलरींच्या तक्त्यांची आठवण होते. असा तक्ता पाळणाऱ्या बाईला रात्री दहाला लाडू दिसत असेल तर ते तिचं शरीर बोलतंय.

शरीराची ही ओढ लवकर शमतही नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये वजन उतरवलेल्या माणसांची वर्षभरानंतर तपासणी केली. भूक वाढवणारं घ्रेलिन अजून चढलेलं होतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन अजून उतरलेलं होतं. तुम्ही सहा महिन्यांत सात किलो उतरवलेत. हा वेग चांगला आहे, घाईचा नाही. पण गणपती आले तेव्हा तुमचं शरीर ते सात किलो परत मिळवायची संधी शोधतच होतं, आणि वर सहा महिने गोडाचा एक कणही नाही. पहिल्या मोदकापाशी बांध फुटला यात मला नवल वाटत नाही.

खरं नुकसान मात्र मोदकाने केलेलं नाही. आपण म्हणतो, ‘डाएट मोडलं’. उपवास मोडतो, व्रत मोडतं, तेच क्रियापद. व्रताचा नियमच असा की एकदा मोडलं की त्या दिवसापुरतं संपलं. मग दुपारी काय नि रात्री काय, सारखंच. तोच नियम आपण नकळत वजनाला लावतो. ‘आता मोडलंच आहे, तर दिवाळी होऊ दे, मग सोमवारपासून बघू.’ १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रयोगात पाहिलं. एरवी खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं, तर मिल्कशेक न पिता आलेल्यांपेक्षा त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. लगाम न ठेवणाऱ्यांचं उलट झालं: पोटात काही गेलेलं असल्यामुळे त्यांनी कमी खाल्लं.

माझ्याकडे एक बाई दर महिन्याला वही घेऊन येत. सुवाच्य अक्षर, दोन रेघांमध्ये दिवसाचं सगळं खाणं. एकदा १८ तारखेनंतर एकदम २९ तारीख आली. मधली पानं कोरी होती. ‘भाच्याचं लग्न होतं, लिहिण्यासारखं काही नव्हतं,’ म्हणाल्या. मी त्यांना तिथेच बसवलं आणि आठवेल तसं लिहायला सांगितलं. हळदीच्या दिवशी दोन जिलब्या. लग्नाच्या दिवशी मठ्ठा, मसालेभात, एक वाटी बासुंदी. पुढच्या दिवसांची ओळ लिहिताना त्यांचं पेन थांबलं. घरी परतल्यानंतरचे आठ दिवस त्या शिदोरीतले बुंदीचे लाडू खात होत्या, सकाळ-संध्याकाळ, कारण ‘गेलंच आहे आता’. लग्नाच्या दोन दिवसांचं खाणं पाऊण पानात मावलं, नंतरच्या आठ दिवसांना दोन पानं लागली. तुमच्या साठ दिवसांतसुद्धा खरे सणाचे दिवस मोजा. बाप्पा घरी होते ते, दसरा, दिवाळीचे चार-पाच. पंधराच्या वर जाणार नाहीत.

म्हणून गोड कायमचं सोडा असं मी सांगणार नाही. आपल्या घरात ते जमतही नाही आणि जमवायची गरजही नाही. फक्त त्याची जागा बदला. आपलं जुनं नैवेद्याचं पान आठवा: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभात, आणि त्याच पानात पुरण किंवा खीर. गोड जेवणात वाढलं जायचं, जेवणाबरोबर संपायचं. कोशिंबीर, उसळ, वरण पोटात असताना खाल्लेला मोदक रिकाम्या पोटी खाल्लेल्या मोदकाइतक्या झपाट्याने साखर चढवत नाही आणि दुसरा मागायची ओढही कमी असते. तुम्ही आठवड्यातले दोन दिवस ठरवा. त्या दिवशी दुपारच्या जेवणात, ताटात, बसून, आवडीचं एक गोड खा. तुपाची धार सोडून खा. न आवडणारी खोक्यातली मिठाई मात्र कुणी आग्रह केला म्हणून खाऊ नका.

गुळाबद्दल स्पष्टच सांगते. गूळ ही मुख्यतः साखरच आहे आणि कॅलरीही जवळपास तितक्याच. थोडं लोह मिळतं, पण ते पुरेसं मिळवायला खावा लागेल इतका गूळ कुणी खाऊ नये. मध आणि खजुराचे ‘शुगर-फ्री’ लाडू यांचंही तेच. चव आवडते म्हणून गूळ खा, वजनासाठी नको. कृत्रिम गोडीच्या गोळ्या वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय (हा सल्ला मधुमेह असलेल्यांसाठी नाही).

पत्रात चहाचा उल्लेख नाही, म्हणून मला शंका आहे. ‘गोड पूर्ण बंद’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात चहा बहुतेक धरलेला नसतो. एक काम करा. एक रिकामी वाटी ओट्यावर ठेवा. दिवसभरात तुमच्या चहात जितके चमचे साखर पडते तितके चमचे त्या वाटीतही टाका. शाळेत स्टाफरूममध्ये पिता तो चहाही आठवून धरा. रात्री वाटी बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, जमल्यास पाच टक्क्यांखाली ठेवायला सांगितलं. पाच टक्के म्हणजे जवळपास २५ ग्रॅम, सपाट सहा चमचे. चार कप चहा आणि दर कपाला दोन चमचे एवढ्यानेच ती मर्यादा ओलांडते, आणि त्यात सणाचा आनंदही नाही. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. जीभ महिन्या-दीड महिन्यात सरावते.

आता रात्रीचा ओटा. तुम्ही लिहिलंय, दिवसभर शाळेत काही वाटत नाही. मला वाटतं तिथेच गोम आहे. डब्यात दोन पोळ्या आणि कोरडी भाजी, मग संध्याकाळी चहा-बिस्किट, मग घाईत थोडा भात, असा दिवस असेल तर रात्रीपर्यंत भूक साठत जाते. डब्यात मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, अंडं खात असाल तर अंडं, यांपैकी काहीतरी रोज असू द्या. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळही त्याच्या आसपास देते. पाच वाजता बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे आणि एक फळ घ्या. हे पंधरा दिवस करून बघा आणि रात्रीची ओढ किती उरते ते मला कळवा.

तरीही काही ओढ उरेल, कारण ती भुकेची नाही. मुलांचे डबे, शाळा, तपासायच्या वह्या, स्वयंपाक, भांडी, आणि साडेदहाला पहिल्यांदा कुणी काही मागत नाही. त्या वेळेला तोंडात पडणारा लाडू हा दिवसभरातला तुमचा एकमेव विसावा असतो. त्यावर निग्रहाचा उतारा चालत नाही. ओटा आवरायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, निदान आठवड्यातले तीन दिवस, आणि दहा मिनिटं गच्चीत किंवा अंगणात जाऊन बसा. झोपेची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणा. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते. आणि लाडू खायचाच झाला तर उभ्याने नको. बशीत एक घ्या, डब्याचं झाकण लावा, खुर्चीवर बसा.

काटा आठवड्यातून एकदाच बघा. त्याबरोबर कंबरेला टेप लावत जा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत एकच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची चरबी पोटाभोवती लपते, म्हणून आपल्या बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटीमीटर धरतात. तुम्ही चालता ते चालू ठेवाच. त्यात आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर लावणारा व्यायाम घाला: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. या वयात स्नायू झडतात, आणि नुसतं कमी खाल्लं की आणखी झडतात.

एकदा थायरॉइड, एचबीए१सी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी अनियमित झाली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. लाडू खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटणं किंवा दुसरे दिवशी उपाशी राहणं असं काही होत असेल, तर डाएटचा विचार बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. आज रात्रीच्या जेवणापासून करा. सोमवारची वाट बघू नका. डब्यात उरलेले लाडू उद्या स्टाफरूममध्ये घेऊन जा, चार घरी ठेवा आणि त्यांचे दोन दिवस वहीत लिहून ठेवा. संक्रांतही जवळ येईल. तिळाच्या वड्या करताना सुपारीएवढ्या पाडा. हळदीकुंकवाला जितक्या घरी जाल तितक्या वड्या हातात पडतील. एक तिथे खा, बाकीच्या पदराला बांधून आणा आणि घरी सगळ्यांना वाटा. फेब्रुवारीत तुम्हाला वर्ष होईल. तेव्हाचं वजन आणि कंबरेचं माप मला लिहून पाठवा, ते कितीही असलं तरी.