सल्ला नको, निर्णय विचार

चि. अमोल,


दिवाळीत घरी गेल्यावर आई-वडिलांना ‘आयुष्यभर लक्षात ठेवावा असा एकच सल्ला द्या’ म्हणणार, असं तू लिहिलंस. अवश्य विचार, पण असं विचारलंस तर हाती ठरलेलंच लागेल: अंथरूण पाहून पाय पसर, कर्ज काढू नकोस. यात खोटं काही नाही. फक्त हे शहाणपण ज्या प्रसंगानं शिकवलं तो प्रसंगच त्यातून गळालेला असतो, आणि मग सल्ल्याची मर्यादा कळत नाही. कर्ज सावकाराचं नको की बँकेचंही? विहिरीसाठीसुद्धा नको?

म्हणून निर्णय विचार. तुझ्या घरात १९७२चा दुष्काळ आठवणारी माणसं आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण जायचं, सुकडी किती मिळायची, मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली कशी उतरायची, इथून सुरुवात कर; मग विचार, आधी काय विकायला काढलं, बैल की पाटल्या? चारा संपला की अख्खा मुलूख एकदमच जनावरं बाजारात नेतो नि भाव कोसळतो. पाऊस पडल्यावर तशीच जोडी घ्यायची तर परवडत नाही. पाटल्या निदान गहाण ठेवून सोडवता येतात. आठवणी मागितल्या की काय मिळतं, यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. मुलानं, देवदत्तानं, वडिलांच्या चरित्रासाठी त्यांच्याकडे आठवणी मागितल्या, उपदेश नव्हे. म्हणून १९३४पासून ‘स्मृतिचित्रे’ आपल्या हाती आली.

आठवणी फसव्या असतात, म्हणशील. असतातच. म्हणून दोघांना वेगवेगळं विचार. वडील समोर असले की ‘यांनाच विचार’ म्हणून आई मोकळी होईल. पाटल्या विकल्या की गहाण टाकल्या यावर त्यांचं जुळलं नाही, तर घाईनं जुळवायला जाऊ नकोस. राहता राहिलं, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या तुला बैलांचं काय. अरे, सगळे एकदम शेअर विकायला निघाले की तोही बैलबाजारच! नोकरी गेली तर आधी काय मोडायचं, हा प्रश्न तुलाही चुकलेला नाही. लग्नाच्या बाबतीतले त्यांचे निर्णय मात्र नुसते ऐक. पाळलेच पाहिजेत असं नाही.

आणि रेकॉर्डिंगसाठी मोबाइल समोर ठेवू नकोस, तो दिसला की माणसं भाषण करतात. एखाद्या प्रश्नाला आई गप्प बसली तर पुन्हा विचारू नकोस. तिच्याबरोबर करंज्या भरायला बस.

तुझे,
सर